दोन सुताचा घोळ

मे महिन्यात आमच्या अक्कलकोट रोडच्या वर्कशॉपमध्ये दुपारी दोननंतर कुणी जोडकाम काढत नाही. पत्रा तापतो आणि फेविकॉल लावता लावताच त्यावर साय धरते. त्या रिकाम्या वेळात ओळखीतला एक पोरगा सागवानाची फळी काखेत मारून आला. नुकताच सुतारकामाचा नाद लागलेला, घरी पुस्तकांचं कपाट करायला घेतलेलं. "काका, ट्रिमर खराब निघाला वाटतं. बघा की जरा." ट्रिमर म्हणजे लाकडात खाचा आणि कडा मारायचं हातातलं छोटं मशीन.

फळी तीन फुटांची, १९ मिमी जाडीची. मागचं ६ मिमी प्लाय बसवायला त्याने खाच मारली होती. एका टोकाला ती ६ मिमी खोल होती, दुसऱ्या टोकाला साडेनऊ. मध्ये कुठे पायरी नाही. उतार असल्यासारखी सारखी खोल होत गेलेली.

असं दिसलं की पहिला संशय बेसच्या, म्हणजे मशीन लाकडावर टेकतं त्या बैठकीच्या, खिट्टीवर. ती ढिली असेल तर मोटर खाली सरकते. मोटर आणि बेस दोन्हींवर मिळून पेन्सिलची एक रेघ मारली आणि रद्दी तुकड्यावर फूटभर खाच काढली. रेघ जागच्या जागी, खाच मात्र परत खोल. मग बिटच्या (कापणाऱ्या पात्याच्या) दांडीवर, कोलेटच्या म्हणजे दांडी धरणाऱ्या चिमट्याच्या नटाला लागून, मार्करची खूण केली. पुढच्या फुटानंतर खूण नटापासून जवळजवळ दोन मिमी बाहेर आलेली. म्हणजे मशीन ठीक होतं, बिटच निसटत होता.

व्हर्निअर लावला. दांडी ६ मिमी. कोलेट पाव इंची, म्हणजे ६.३५. सगळा घोळ या ०.३५ मिलिमीटरचा. पोराने दुकानात "दोन सूत द्या" म्हणून मागितलं होतं, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, दोन सूत म्हणजे पाव इंच; पण आपल्याकडे सुताराच्या तोंडी दोन सूत म्हणजे सहा मिमी. प्लायला ते चालतं, कोलेटला नाही. नट आवळला की कोलेट थोडा मिटतो, हाताला बिट घट्ट वाटतो; पण पकड पूर्ण लांबीवर बसत नाही, कडेवरच बसते. मशीन मिनिटाला तीसेक हजार फेरे मारतं, तेवढ्या थरथरीत दांडी कणाकणाने बाहेर येते. तिच्यावर चकचकीत गोल चरे पडले होते. असा बिट परत वापरायचा नाही, तो मी भंगारात टाकला. पोराचं तोंड पडलं, पण सुटलेला बिट कुठे जाईल ते सांगता येत नाही.

दुसरी चूक बसवण्यात होती. त्याने दांडी तळाला टेकवूनच नट आवळला होता. आवळताना कोलेट खाली ओढला जातो. तळ लागला असेल तर बिटला सरकायला जागा उरत नाही आणि पकड अर्धवट राहते. दांडी पूर्ण आत घालून दोन-तीन मिमी वर घ्यायची, मग नट. वीस मिमी तरी दांडी कोलेटमध्ये हवी. कोलेटमधला भुसा आधी फुंकून काढायचा.

मग त्याने पिशवीतून बारा बिटांची लाकडी पेटी काढली. नशिबाने त्यांच्या दांड्या पाव इंचीच होत्या. त्यातले पाच बाजूला काढले. ६ मिमी आणि १२ मिमीचे सरळ, खाली बेअरिंगवाला फ्लश ट्रिम (बाहेर आलेली कड सपाट करणारा), ६ मिमी त्रिज्येचा गोलाईचा आणि ४५ अंशांचा चॅम्फर (कड तिरकी मारणारा). सरळ बिटचं माप सांगताना दांडी आणि धार वेगवेगळी सांगायची: "दांडी पाव इंच, धार सहा मिमी." अठराचं प्लाय मोजलं तर पुष्कळदा अठरा भरत नाही, म्हणून त्याची खाच अठराच्या बिटने एका दमात मारण्यापेक्षा बाराच्या बिटने, मशीन जिला घासून चालतं ती पट्टी सरकवून, दोनदा मारलेली बरी. फ्लश ट्रिमचं बेअरिंग बोटाने फिरवून बघायचं. ते जाम असेल तर सनमायकाची कड जळते. नक्षीचे मोठे बिट पेटीतच राहू दे म्हटलं. २५ मिमीपेक्षा रुंद बिट वेग कमी न होणाऱ्या ट्रिमरला लावूच नये.

नवीन बिट कार्बाइडचाच घ्यावा. हायस्पीड स्टीलच्या बिटची धार प्लायमधल्या गोंदाने लवकर मरते, आणि सागवानात सिलिका असते, ती वेगळीच.

पाव इंच दांडीचा सहाचा बिट लावून दुसरी फळी त्याच्याच हातून करून घेतली. पट्टी चालण्याच्या दिशेच्या डाव्या हाताला क्लॅम्प केली, कारण मशीन डावीकडे ओढतं आणि मग पट्टीलाच घासून चालतं. सहा मिमी दोन फेऱ्यांत, तीन-तीन. पहिल्याच फेरीत तो मध्ये थबकला आणि तिथे काळा डाग पडला. बिट एका जागी फिरत राहिला की लाकूड जळणारच. गोलाईचा बिट चालवताना आधी फळीची आडव्या रेषांची टोकं (रुंदीकडच्या कडा) करायची, मग लांब कडा; टोकाला उडालेली कपची पुढच्या फेरीत निघून जाते.

पहिली फळी बदलायची का, असं त्याने विचारलं. गरज नव्हती. प्लाय खाचेत तळापर्यंत टेकलं नाही तरी बिघडत नाही, रुंदी बरोबर होती. फक्त साडेनऊच्या टोकाला निम्मंच लाकूड उरलं होतं, तिथे स्क्रू मारू नको एवढं सांगितलं.

जाताना म्हणाला, "काका, मग आता दुकानात दोन सूत म्हणायचंच नाही का?"

"म्हण की. पण व्हर्निअर खिशात ठेव."