५७० की ८५०? परळी खोऱ्यातल्या पाणंदीवरच्या चाचण्यांची नोंद

मंडळी, मागच्या नोंदीपर्यंत ट्रॉली तयार होती आणि ती शेतात ओढायला क्वाड, म्हणजे हँडलवर चालणारी रुंद टायरची चारचाकी, कुठली घ्यायची ते ठरायचं होतं. दिवाळीनंतर पाणंद वाळली, भात झोडून झालं आणि दोन्ही गाड्या एकाच आठवड्यात हाताशी आल्या. मेढा बाजूच्या मित्राची पोलारिस स्पोर्ट्समन ५७०, ट्रॅक्टर म्हणून पासिंग झालेली. दुसरी एका फार्महाऊसवाल्यांची स्पोर्ट्समन ८५०, तिला पासिंग नाही, म्हणून पिकअपमध्ये घालून आणावी लागली. पाच दिवस दोन्ही गाड्या घरासमोर उभ्या होत्या आणि रोज सकाळी कुठली आधी काढायची हाच प्रश्न.

नवीन वाचणाऱ्यांसाठी जागा सांगतो. सज्जनगडाच्या पायथ्याला परळी खोऱ्यात आमची शेती आहे. खाली भाताची खाचरं, वर माळाला आलं आणि नाचणी. घरापासून वरच्या शेतापर्यंत दीड किलोमीटर डांबरी, मग ओढा, मग पाणंद. पाणंद इतकी अरुंद की मोठा ट्रॅक्टर आला तर दोन्हीकडचे बांध ढासळतात. आबांचा पहिला प्रश्न तोच होता, "ट्रॅक्टर असताना हे कशाला?" मी त्यांना ओढ्यापाशी नेलं आणि मागच्या पावसाळ्यात ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या दाखवल्या. गुडघाभर खोल, अजून बुजलेल्या नाहीत. क्वाडच्या रुंद टायरमध्ये जेमतेम ५ ते ७ पीएसआय हवा असते, त्यामुळे ती चिबड जमिनीवरूनही फार न रुतता जाते. (ही हवा पेट्रोलपंपावरच्या मीटरने मोजायला जाऊ नका. कमी दाबाचा वेगळा गेज घ्या, दोन पीएसआयचा फरकसुद्धा हँडलला जाणवतो.)

कागदावरचे आकडे एकदाच लिहितो. ५७० चं इंजिन ५६७ सीसी, एक सिलिंडर. अमेरिकेत ती ४४ हॉर्सपॉवरची मिळते, आपल्याकडची ट्रॅक्टर आवृत्ती ३४ ची आहे. ८५० ला दोन सिलिंडर आणि ७८ हॉर्सपॉवर, ओढण्याची क्षमता १,५०० पौंड, म्हणजे ६८० किलो. आकडे बघून कोणीही ८५० च म्हणेल. मीही तेच म्हणत होतो.

पहिल्या दिवशी ५७० ला ट्रॉली जोडली. रिकामी ट्रॉली १४० किलो, गावातल्या वर्कशॉपमध्ये बनवलेली. वजन म्हणून २०० लिटरचे दोन ड्रम पाण्याने भरले, म्हणजे हिशोब सरळ: ४०० आणि १४०, एकूण ५४० किलो. ड्रम काठोकाठ भरा. अर्धा भरलेला ड्रम हिंदकळतो आणि प्रत्येक खड्ड्यात मागून धक्का देतो. ओढ्यातून वर येणारा चढ मोबाईलवर मोजला, सर्वांत उभ्या जागी १२ अंश भरला.

५७० चढली. मधे एकदा मागची चाकं मुरमावर फिरली, तेवढ्यात पुढची लागली आणि गाडी सरळ वर आली. पोलारिसची ही फोर-व्हील पद्धत समजून घेण्यासारखी आहे. फोर-व्हीलचं बटण दाबलं तरी पुढची चाकं लगेच ओढायला लागत नाहीत. मागची चाकं पुढच्यांपेक्षा जास्त वेगाने फिरायला लागली की पुढच्या गिअरकेसमधले रोलर अडकतात आणि दोन्ही पुढची चाकं एकदम कामाला लागतात. घसरण थांबली की आपोआप सुटतात. त्यामुळे एरवी हँडल हलकं राहतं. काळजी एकच: चाकं गरगरत असताना बटण दाबू नका, आधी थ्रॉटल सोडा, मग दाबा. नाहीतर तो झटका गिअरकेसच्या आतल्या भागांना बसतो.

चूक मात्र त्याच दिवशी झाली. गाडी दाखवणाऱ्या एका विक्रेत्याने मागे सांगितलं होतं की एवढ्या वजनाला हाय गिअर चालतो, लो फक्त चिखलात वापरायचा. मी तसंच केलं. तिसऱ्या फेरीला चढाच्या मध्यावर जळक्या रबराचा वास आला. या गाड्यांत इंजिनची ताकद चाकांकडे रबरी बेल्टने जाते; थांबून तो बेल्टबॉक्स उघडला तर बेल्टच्या कडा काचेसारख्या चकचकीत झालेल्या. मित्राची गाडी, बेल्ट मीच बदलून दिला. मॅन्युअल नंतर नीट वाचलं: ताशी ११ किलोमीटरच्या खाली चालायचं असेल तर लो. ओढताना सपाटीला ताशी १६ च्या वर जायचं नाही, आणि चढ, उतार, वळण, खडबडीत वाट असेल तर ८. आपल्या पाणंदीवर ८ च्या वर जाण्याची जागाच नाही, म्हणजे ट्रॉली जोडली की लो, विषय संपला. त्याच पानावर अजून एक गोष्ट आहे जी जाहिरातीत दिसत नाही: ओढण्याचा मोठा आकडा सपाटीचा असतो, १५ अंशांपर्यंतच्या चढासाठी वेगळा आणि बराच कमी आकडा दिलेला असतो. शिवाय ट्रॉलीच्या दांडीचं हुकावर येणारं वजन मागच्या रॅकच्या वजनात धरायचं असतं. रॅकवर पोतं आणि मागे भरलेली ट्रॉली, असं दोन्ही चालत नाही.

८५० ने तोच चढ असा काढला की थ्रॉटलला अंगठा जेमतेम लागला होता. ताकद खरंच वेगळी आहे. माळावरून धनगरवाड्याकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर रिकामी नेली तेव्हा तर परत यावंसं वाटेना. दगडावरून जाताना धक्का हातापर्यंत येत नाही, बसणारा दमत नाही. नुसतं फिरायचं असतं तर इथेच नोंद संपली असती.

पण मग उतार आला.

ते नीट सांगतो. ८५०, मागे तेच ५४० किलो, ओढ्याकडे उतरणारी वाट, लो गिअर. वळणाच्या आधी ट्रॉलीने ढकलायला सुरुवात केली. हुकात 'खट्' असा आवाज झाला, दांडी डावीकडे कलली आणि माझी मागची चाकं उजवीकडे सरकायला लागली. हात ब्रेकवर गेला, चाकं थांबली, गाडी मात्र थांबली नाही, मुरमावरून तशीच आडवी घसरत राहिली. ब्रेक सोडला, किंचित थ्रॉटल दिला, तेव्हा दांडी पुन्हा सरळ झाली. सगळं मिळून दोन-तीन सेकंद. खाली ओढ्यात उतरून पाच मिनिटं नुसता बसून राहिलो. वर बघितलं तर मुरमावर माझ्या टायरचा फटकारा उमटला होता, आणि बांध तिथून हातभर अंतरावर.

दुसऱ्या दिवशी ५७० तिथूनच उतरवली, तेच वजन, अगदी सावकाश. तिलाही ट्रॉलीने ढकललं. मग एक ड्रम उतरवला, राहिले ३४० किलो. आता दोन्ही गाड्या गुमान खाली आल्या, हुक वाजला नाही. कारण सरळ आहे. ५७० ची गाडी सव्वातीनशे किलोच्या आसपास, वर मी, म्हणजे चारशे. ८५० थोडी जड. मागे ५४० किलो आणि ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नाही, म्हणजे ओझं ओढणाऱ्यापेक्षा जड. चढावर इंजिन ते निभावून नेतं. उतारावर इंजिनची ताकद काय कामाची? तिथे गाडीचं वजन, टायरची पकड आणि इंजिनब्रेक (थ्रॉटल सोडल्यावर इंजिनच चाकांना रोखतं ते), एवढंच हाताशी असतं. आमच्या पाणंदीवर किती ओढता येईल हे ७८ हॉर्सपॉवर ठरवत नाहीत, तो बारा अंशांचा उतार ठरवतो, आणि तो दोन्ही गाड्यांना सारखाच आहे.

इंजिनब्रेकवरून बाकीच्या गाड्यांचाही विचार केला. यामाहा ग्रिझली ७०० मध्ये बेल्ट कायम ताणलेला राहतो, त्यामुळे थ्रॉटल सोडला तरी इंजिन चाकांना धरून ठेवतं. तिच्या पुढच्या डिफरन्शियलला (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरला) स्विचने पूर्ण लॉक करता येतं, पोलारिससारखी घसरण्याची वाट बघावी लागत नाही. होंडा रुबिकॉनला तर बेल्टच नाही, ५१८ सीसी आणि ड्युअल क्लच गिअरबॉक्स. ओढ्यात बेल्टबॉक्समध्ये पाणी शिरण्याची भीतीच उरत नाही. दोन्हींची क्षमता ६०० किलो. मनापासून सांगतो, इथे त्यांचं दुकान आणि मेकॅनिक असता तर मी रुबिकॉनच घेतली असती. पण एका फिल्टरसाठी महिना थांबायची वेळ आली तर आल्याची काढणी कोणासाठी थांबणार? पोलारिसमध्ये ईबीएस नावाचा इंजिनब्रेक मिळतो, मात्र सगळ्या मॉडेलांना नाही. घेताना ते कागदावर बघून घ्या, तोंडी शब्दावर राहू नका.

पुतण्या कॅनडात एका फार्मवर आहे, तिथे कॅन-ॲम आउटलँडर ८५० वापरतात. रोटॅक्सचं व्ही-ट्विन इंजिन आणि ओढायला तिच्यासारखी कुठली नाही, असं त्याचं मत. तोही म्हणाला, "काका, बर्फावर भरलेली ट्रॉली घेऊन उतारावर आम्ही जातच नाही."

तर ठरलं. ५७०, ट्रॅक्टर पासिंगवाली. शेवटचा निकाल त्या दीड किलोमीटर डांबरीने दिला. पासिंग नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. रोज शेतात जायला पिकअप काढायची म्हणजे सगळा खटाटोपच वाया. ८५० सोडताना वाईट वाटलं, त्या धनगरवाड्याच्या वाटेसाठी विशेष.

फिरण्याबद्दल एक मागणं आहे. कासचं किंवा चाळकेवाडीचं पठार, कुठल्याच सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, गाडी घालू नका. कास २०१२ पासून जागतिक वारशात आहे, पण कारण तेवढंच नाही. जांभ्यावर मातीचा थर बोटभरसुद्धा नसतो आणि सगळी फुलं त्याच थरात उगवतात. टायरने तो एकदा खरवडला की पुढे किती पावसाळे तिथे नुसता दगड दिसतो. खोऱ्यात बैलगाडीच्या जुन्या वाटा, नांगरून पडलेली रानं, मालकाला विचारून जाता येईल अशा जागा भरपूर आहेत. आणि ही गाडी एका माणसाची आहे. गावातली पोरं मागे बसायला येतात, त्यांना उभ्या गाडीवर बसवून फोटो काढू द्या, चालत्या गाडीवर नाही.

ट्रॉलीत दोन बदल करतोय. दांडी एक फुटाने लांब करायला टाकली आहे, म्हणजे ढकलताना ती एकदम वळणार नाही. दुसरं म्हणजे ओव्हररन ब्रेक: ट्रॉलीने पुढे रेटलं की दांडीतला दांडा आत सरकतो आणि ट्रॉलीच्या चाकांचे ब्रेक लागतात. वर्कशॉपवाल्यांनी आधी असं काम केलेलं नाही, त्यांना कागदावर काढून दिलंय. तो बसेपर्यंत उतारावर एकच ड्रम, किंवा आल्याची चार पोती.

तुमच्यापैकी कोणी ओव्हररन ब्रेक बसवला असेल तर स्प्रिंग किती कडक ठेवली ते कळवा. शनिवारी हुकाचं वेल्डिंग तपासायला न्यायचं आहे.