ऐंशी मीटरवरून दिसणारे कर्जत

गेल्या पावसाळ्यापासून मी कर्जत स्थानकाचे पुण्याकडचे टोक मॉडेल रेल्वेच्या एचओ प्रमाणात, म्हणजे 1:87 मध्ये (खऱ्याच्या 87 पट लहान), घरातल्या एका लांब फळीवर उभारतो आहे. बोरघाटातला 37 ला 1 असा चढ चढण्यासाठी गाड्यांना मागून जोर देणारी बँकर इंजिने जिथे लागतात, तोच भाग मी मुद्दाम निवडला. काम सुरू झाल्यावर पहिल्याच महिन्यात प्रश्न पडला, तो म्हणजे तपशील भरायचा तरी किती.

सुरुवातीला माझा हट्ट होता की जे खऱ्या स्थानकात आहे ते सगळे फळीवर आले पाहिजे. हा हट्ट किती पोकळ होता, हे साध्या गणिताने दाखवून दिले. बाजारात मिळणाऱ्या एचओ रुळांमधले अंतर 16.5 मिलिमीटर असते आणि ते 1435 मिलिमीटरच्या परदेशी गेजला धरून आहे. आपल्या 1676 मिलिमीटरच्या ब्रॉडगेजसाठी ते 19.3 मिलिमीटर हवे. म्हणजे माझी अख्खी रेल्वे पावणेतीन मिलिमीटरने अरुंद आहे, आणि तिच्यावर उभ्या असलेल्या इंजिनाचे रिव्हेट मी भिंगातून मोजत बसलो होतो!

फळीवरच्या गाडीकडे आपण साधारण तीन फुटांवरून पाहतो. तीन फुटांना 87 ने गुणले की जवळजवळ 80 मीटर होतात. म्हणून एका रविवारी मी कर्जतला गेलो आणि फलाटाच्या कडेने साडेतीन डब्यांइतके अंतर मोजून तिथून उभ्या बँकरकडे पाहत राहिलो. रिव्हेट सोडाच, दाराची मूठही दिसत नव्हती. दिसत होता तो छतावरचा, विजेच्या तारेला टेकणारा पँटोग्राफ, तेलाने काळवंडलेल्या बोगी (म्हणजे चाकांच्या चौकटी), ब्रेकच्या भुकटीने तांबूस झालेली खडी आणि गंजाच्या रंगाचे रूळ. शेजारच्या डब्याच्या खिडक्यांचे गज वेगवेगळे न दिसता त्यांची एक करडी झाक तेवढी जाणवत होती.

घरी आल्यावर पहिले काम केले ते रुळांच्या बाजू तपकिरी रंगवण्याचे. माझे रूळ अडीच मिलिमीटर उंच आहेत. मीटरला 60 किलो वजनाचा खरा रूळ 172 मिलिमीटर उंच असतो, त्या हिशेबाने ते दोनच मिलिमीटर हवे होते. चकचकीत असताना ते पन्हाळीसारखे ढोबळ दिसत, रंग लागताच मात्र बारीक वाटू लागले. रंगाची एक डबी आणि दोन संध्याकाळी एवढ्या खर्चात इतका फरक पाडणारा दुसरा तपशील मला माहीत नाही.

खडीच्या बाबतीत मात्र खरेपणाच्या हव्यासाने मला चांगलेच तोंडघशी पाडले. रंगवलेली तयार खडी आणण्यापेक्षा घाटातल्या काळ्या दगडाचीच कच वापरावी, असे मला वाटले. ती मी चहाच्या गाळणीने चाळून घेतली आणि फेव्हिकॉलच्या पाण्याने बसवली. दिसायला ती अप्रतिम होती, पण आठवडाभरात इंजिन घरघरू लागले आणि शेवटी जागीच थांबले. खोलून पाहिले तर मोटरच्या चुंबकाला काळ्या कणांची दाढी फुटलेली. आपल्या काळ्या पाषाणात लोहचुंबकी खनिजाचे बारीक कण असतात, हे शाळेत शिकलेले ज्ञान मला गिअर खराब झाल्यावर आठवले. सगळी खडी खरवडून काढावी लागली. आता कोणतीही कच आणली की आधी तिच्यावरून लोहचुंबक फिरवतो.

पुढच्या कडेला हिशेब बदलतो, कारण तिथे पाहणारा एका फुटावर वाकतो. त्यामुळे पिवळ्या नामफलकावर मी दोन दिवस घालवले. ‘कर्जत’ ही अक्षरे वाचता येतात, समुद्रसपाटीपासूनच्या उंचीची ओळ मात्र मी एक काळी रेघ मारून भागवली आहे. मोबाईलचा कॅमेरा खाष्ट सासूसारखा तीही हेरतो, पण त्याच्यासाठी मी स्थानक बांधत नाही. भिंतीलगतची पाच घरे अजून नुसत्या पुठ्ठ्याची आहेत. त्यांच्या पुढच्या भिंतींना खिडक्या आहेत, मागच्या भिंती मी केलेल्याच नाहीत.