सेलवासला जाताय? वापीत परमिटच्या नावाने पैसे देऊ नका

दादरा-नगर हवेलीतल्या सेलवासला जायला बडोद्याहून सकाळच्या गाडीने वापीला उतरलो आणि स्टेशनबाहेर पूर्वेच्या बाजूलाच फसलो. "सेलवास बीजु राज्य छे, परमिट लागे," म्हणजे सेलवास दुसरं राज्य आहे, परमिट लागतं, असं सांगून रिक्षावाल्याने ६०० रुपये घेतले. येताना तोच रस्ता शेअर रिक्षाने माणशी ४० रुपयांत झाला. प्रवाशाला कसलंही परमिट लागत नाही. कोणी हा शब्द काढला की सरळ पुढच्या रिक्षाकडे जा. मला अजून राग येतोय, कारण सोबत आई होती आणि तिच्यासमोर घासाघीस नको म्हणून मी गप्प बसलो.

रस्ता मात्र बघण्यासारखा आहे. दादरा लागतं, ते संपलं की परत गुजरातचं लवाछा, मग नगर हवेली. असल्याच मधल्या तुकड्यांनी पोर्तुगीजांचं इथलं राज्य बुडालं. मराठी आरमाराने त्यांचं 'सांताना' जहाज पकडलं होतं, त्याची भरपाई म्हणून पेशव्यांनी १७७९ च्या तहाने इथल्या गावांचा महसूल त्यांना तोडून दिला. पण त्यांचा समुद्रकिनारा दमणला, आणि तिथून इथवरची मधली जमीन दुसऱ्याची. १९५४ च्या जुलैत भारताने ती वाट अडवली, दमणहून कुमक येईना. दादरा लगेच सुटलं, सेलवास २ ऑगस्टला. सुधीर फडके, राजा वाकणकर त्या लढ्यात होते, हे आईला पाठ होतं, मला नव्हतं. पोर्तुगाल हेगच्या न्यायालयात गेला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात साधी माणसं आणि माल नेण्याचा हक्क मान्य झाला, सशस्त्र फौज नेण्याचा नाही. पेशव्यांनी महसूल दिला, सार्वभौमत्व नाही, हेही त्यातच लिहिलंय. हे वाचून जा, नाहीतर तो रस्ता म्हणजे नुसते कारखाने.

दुधनीचा जलाशय सुंदर आहे, खानवेलही. खानवेलच्या पुढे वळणं फार. गाडी लागणाऱ्याने पुढे बसावं.

परतताना गुजरातच्या हद्दीत बॅगा तपासतात, कारण तिकडे दारू चालते, इकडे बंदी. शिपायाने आईची कोकम सरबताची बाटली उघडून वास घेतला, झाकण नीट लावलं नाही, साडीवर डाग पडला. सरबतं, औषधं वरच्या कप्प्यात ठेवा आणि बाटली स्वतःच उघडून दाखवा. या तपासणीत आमची पंचवीस मिनिटं गेली आणि गाडी चुकली, तेव्हा वापीला तासभर आधी पोचेल अशा बेताने निघा.