पाचव्या पाण्याचा चहा

आज दुपारभर चीनमधल्या कुनमिंगच्या एका चहाच्या दुकानात बसून होते. मावशींनी ३५७ ग्रॅमच्या थापलेल्या चकतीत बारीक सुरी सरकवून पानांचा पापुद्रा अलगद सोडवला, पहिलं पाणी फेकून दिलं आणि मग वाटीएवढ्या कपात काळाभोर चहा ओतला.

इथे नवीन आले तेव्हा हाच शू पुअर, म्हणजे हा मुरवलेला चहा, मला घोटभरही गेला नव्हता. बंद घराचा, ओल्या मातीचा वास! चहा म्हणजे आलं, दूध, साखर, यावर जीभ ठाम होती. आता कळतं, तो वासच त्याचा जीव आहे. इथल्या युन्नान प्रांतातल्या मोठ्या पानांची पत्ती ओली करून ढीग लावतात, वरून झाकतात. ढीग आतून तापतो आणि सूक्ष्मजीव आठवडेच्या आठवडे पत्ती मुरवत राहतात. १९७३ साली कुनमिंगच्याच कारखान्यात ही रीत बसवली गेली. त्याआधी असा मुरलेला चहा हवा तर वर्षानुवर्षं थांबावं लागायचं.

त्याच पत्तीच्या पाचव्या पाण्याला मागे खजुरासारखा गोडवा राहिला. आजीच्या माजघरात, पावसाळ्यातल्या सारवलेल्या जमिनीवर टेकल्यासारखं वाटलं. डोळे भरून आले, खरंच.

एक चकती बांधून घेतली. येताना दूध आणलं नाही.