खोलीला मानवणारे स्पीकर निवडताना

जुने बुकशेल्फ स्पीकर बदलायचं ठरल्यावर मी आधी खोली मोजली. लांबी 5 मीटर, रुंदी 4. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. त्याला लांबीच्या दुपटीने भागलं की 34 हर्ट्झ येतात, रुंदीच्या दुपटीने 43. या आणि यांच्या पटीतल्या कंपनांवर खोलीच घुमणार, स्पीकर कितीही उंची घ्या. हा हिशेब हाताशी असल्यामुळे पुढचे बरेच मोह टळले.

शोरूममध्ये ऐकायला मोजकीच रेकॉर्डिंग नेत असे: तानपुऱ्यावरचं गायन, एकल तबला, एक मोठा ऑर्केस्ट्रा. तानपुरा फार कामाचा. ट्वीटर (वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर) आणि वूफर (खालच्या स्वरांचा मोठा) यांचं जमत नसेल तर जवारीचा झंकार एकीकडून आणि खर्जाची तार दुसरीकडून येते, वाद्य एकसंध राहत नाही. डग्ग्यावर तळहात घासून काढलेली मींडही तशीच. चढत जाणारा स्वर कळतो की नुसता दणका येतो, हे लगेच उघड होतं.

तुलना करताना पातळी सारखी करण्याचा आग्रह मी सोडला नाही. एका जोडीची संवेदनशीलता (तेवढ्याच विजेत ती किती मोठ्याने वाजते) 86 डेसिबल आणि दुसरीची 89 असेल, तर व्हॉल्यूम न हलवता दुसरी मोठ्याने वाजते, आणि मोठ्याने वाजणारी जोडी कानाला सरस वाटते. म्हणून पिंक नॉईज (सगळे स्वर असलेला चाचणीचा खरखराट) लावून, बसण्याच्या जागी मीटर धरून पातळी जुळवायची. एरवी झळाळणाऱ्या एका जोडीचं तेज एवढ्यानेच उतरलं. माहितीपत्रकात स्पीकरचा विजेला होणारा विरोध 8 ओहम लिहिलेला असला तरी खालच्या स्वरांत तो आकडा 4 च्याही खाली जाऊ शकतो. माझा अ‍ॅम्प्लिफायर ते पेलेल ना, एवढं तपासून घेतलं.

शेवटी दोन जोड्या घरी आणून ऐकल्या. जमिनीवर उभे राहणारे उंच थ्री-वे फ्लोअरस्टँडर (आवाज तीन भागांत वाटणारे) शोरूमच्या प्रशस्त दालनात अप्रतिम होते. ऑर्केस्ट्राचं सगळं वजन त्यांच्यात होतं. माझ्या खोलीत मात्र खर्ज फुगला, डग्ग्याचे बोल एकमेकांत मिसळू लागले. स्टँडवरचे छोटे टू-वे (आवाज दोनच भागांत वाटणारे) फार खोल उतरत नाहीत, पण त्यांचा प्रत्येक बोल सुटा आला. तेच ठेवले. ऑर्केस्ट्रातल्या मोठ्या ढोलाचा भार कमी झाला, हे मान्य. गायन आणि तबला रोज ऐकणाऱ्याला हा सौदा पटतो.

मग जागेचा प्रश्न. स्पीकरमागच्या भिंतीवरून परतणारा आवाज, स्पीकर आणि भिंतीतलं अंतर ज्या कंपनाच्या तरंगलांबीच्या पावपट असेल त्या कंपनावर, मूळ आवाजाला खातो. 90 सेंटीमीटरवर हा खड्डा 95 हर्ट्झपाशी पडतो, म्हणजे डग्ग्याच्याच मुलखात. 60 सेंटीमीटरवर आणल्यावर तो 143 हर्ट्झच्या आसपास गेला आणि डग्गा भरला. बाजूच्या भिंतीवरूनही आवाज परततो; ती जागा शोधायला भिंतीवर आरसा सरकवत, खुर्चीतून त्यात ट्वीटर कुठे दिसतो ते पाहिलं. तिथे आता पुस्तकांचं कपाट आहे.