आमची वाटचाल : कार्टर रोडच्या खडकांवरून

मी ११ वर्षं बालवाडीत शिकवलं. वर्गाच्या भिंतीवर समुद्राचा तक्ता होता. पेंग्विन, देवमासा, शार्क. समुद्र शाळेपासून दहा मिनिटांवर, पण त्या तक्त्यातलं काहीही मुलांना तिथे दिसणार नव्हतं. आणि जे दिसतं, त्याची नावं मलाही सांगता येत नव्हती. ते मनाला फार लागलं. २०१६ साली नोकरी सोडली, साठवलेले ६० हजार रुपये घातले आणि चार ते आठ वर्षांच्या मुलांना वांद्र्याच्या कार्टर रोडच्या खडकाळ किनाऱ्यावर न्यायला सुरुवात केली.

पहिली फेरी फसली. शनिवारी सकाळी आठ वाजता १४ मुलं, त्यांचे पालक, आणि खडक पाण्याखाली! तिथे जाळं आवरत बसलेल्या एका कोळी मावशींनी विचारलं, "तिथी बघून नाय आलीस का? आज अष्टमी हाय, भांगाचं पानी. बीजेला नायतर तिजेला ये." त्यांनीच हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा. म्हणजे ओहोटी थेट दुपारी बाराला, आणि तीही तोकडी, कारण भांगाला पाणी कमीच चढतं-उतरतं. पौर्णिमा-अमावस्येनंतरच्या बीजेला दीडची भरती, म्हणून सकाळी साडेसातच्या सुमारास पाणी लांबवर हटलेलं. तेव्हापासून आमचं वेळापत्रक तिथीवर चालतं. मावशींचं हे ऋण मी विसरणार नाही.

खडकांच्या खळग्यांत मुलं सगळ्यात जास्त रमतात ती शंखातल्या खेकड्यापाशी. त्याचं पोट मऊ असतं, त्याला कवच नसतं, म्हणून तो रिकामा शंख शोधून त्यात राहतो आणि अंग वाढलं की मोठ्या शंखात जातो. हे सांगितलं की मुलं आपण होऊन खिशातले शंख काढून खाली ठेवतात. म्हणून "शंख नेऊ नका" अशी पाटी आम्ही कधी लावली नाही. समुद्रफूल मात्र गोंधळात टाकतं, कारण नावात फूल असलं तरी तो प्राणी आहे. हिरवं शेवाळ खडकाला धरून असतं, पण त्याला मुळं नाहीत. तिवराची मुळं तर चिखलातून वर येऊन श्वास घेतात. एक मुलगी म्हणाली, "म्हणजे झाडाची नाकं!" आता आम्हीही तसंच सांगतो.

तीन मुलांमागे एक मोठं माणूस, हा नियम आम्ही कधीच मोडत नाही. त्यामुळे खर्च वाढतो, फेरीच्या शुल्कातून जेमतेम भागतं. घर चालतं ते कापडी प्राण्यांवर. टाळेबंदीत फेऱ्या थांबल्या तेव्हा आम्ही तिघी शिवायला बसलो. पहिला शिवला तो शंखातला खेकडा, सोबत लहान-मोठे तीन शंख. मूल त्याला स्वतः घर बदलून देतं. २०२३ साली पापलेट राज्यमासा झाला, तेव्हा तोही संचात आला. मुलांना तो ताटातलाच माहीत होता.

पावसाळ्यात फेऱ्या बंद, शिलाई चालू. सध्या निवट्यावर अडलो आहोत. चिखलावर उड्या मारणारा हा मासा कापडात जमत नाही, डोळे डोक्याच्या वर यायला हवेत. तिसरा नमुना मुलांनी नापास केला. "हा उडी मारणार नाही," म्हणाली. चौथा बेतून ठेवला आहे.