खराट्याची हीर

गॅरेजात गाळ होता म्हणून हे काम अप्पांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात झालं. एरवी कुणाच्या घरी जाऊन गिअरबॉक्स चढवायला मी गेलो नसतो. खड्डा नाही, लिफ्ट नाही, डोक्यावर पाऊस. पण 22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं, त्यानंतर महिनाभर माझ्या गॅरेजात काम करण्यासारखी जागाच उरली नव्हती. कॉम्प्रेसर गेला, ट्रॉली जॅक गंजून बसला, पान्यांचा फळा भिंतीसकट ओला. घमेल्याने गाळ काढायचा, की दुसऱ्या दिवशी फरशीच्या सांध्यांतून परत तोच चिकट चॉकलेटी थर वर यायचा. बाहेर रस्त्याच्या कडेला गिऱ्हाइकांच्या गाड्यांची रांग. किती आहेत ते मोजायचं मी दुसऱ्याच आठवड्यात सोडून दिलं.

अप्पांचं घर गुहागर रस्त्याला, टेपावर. तिथे पाण्याचा प्रश्नच नाही. पण त्यांची 2004 ची मारुती 800 नेमकी त्या दिवशी बाजारपेठेत लेकीच्या दाराशी उभी होती आणि टपासकट बुडाली. पाणी उतरल्यावर ट्रॅक्टरला बांधून ती घरी आणली. अप्पा दापोडीच्या एसटी कार्यशाळेतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. पुरात चिपळूणच्या आगारातल्या बसगाड्या बुडाल्या, आगारातली माणसं तासन्‌तास बसच्या टपावर बसून होती, हे त्यांना स्वतःच्या गाडीपेक्षा जास्त लागलं होतं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा अर्धा तास ते त्याबद्दलच बोलत राहिले. गाडीचा विषय मलाच काढावा लागला.

बुडालेल्या गाडीचं इंजिन लोकांना दिसतं, त्यामुळे सगळे इंजिनाचीच चिंता करतात. गिअरबॉक्स कुणाच्या लक्षात येत नाही. त्याला हवा जायला वरच्या अंगाला बारीक नळी असते, तिथूनच पाणी आत जातं. खालचा बोल्ट काढला तर तेलाऐवजी दूध जास्त झालेला चहा पडावा तसा रंग. एवढं झालं की आतल्या बेअरिंगांचा भरवसा धरायचा नाही. त्यातून अप्पांच्या गाडीची क्लच प्लेट फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या टोकाच्या जड चाकाला, गंजाने चिकटलेली. इंजिन आम्ही कसंबसं चालू केलं, पण चालू इंजिनावर क्लच पार दाबूनही एकही गिअर पडेना, नुसती खरखर. चौथ्यात टाकून, क्लच आणि ब्रेक दाबून स्टार्टर मारला की कधी कधी चिकटलेली प्लेट सुटते. इथे सुटली नाही. गिअरबॉक्स उतरवल्यावर कारण दिसलं. फ्लायव्हीलवर प्लेटच्या आकाराचं तांबूस कडं उठलं होतं, जुन्या तव्यावर उठतं तसं.

बॉक्स उघडायला कराडला गेला, नवी बेअरिंगं आणि ऑइल सील घालून परत आला, आणि रविवारी, 29 ऑगस्टला, मी आणि माझा पोऱ्या बारक्या तो चढवायला अप्पांच्या खळ्यात हजर झालो. गणपती बारा दिवसांवर. पडवीत मखराच्या काठ्या सोलून ठेवलेल्या.

गाडी आधीच उचलून ठेवलेली होती. मला वाटलं होतं, जांभ्याच्या चिऱ्यांवर असेल, कारण कोकणात चिरा हाताशी असतो आणि लोक बिनदिक्कत त्यावर गाडी ठेवतात. पावसाचं पाणी प्यालेला जांभा कधी ढासळेल याचा नेम नसतो, आणि तो ढासळतो तेव्हा आपण खाली असतो. अप्पांनी किंजळीचे चार जाड ओंडके आडवे-उभे रचून त्यावर गाडी टेकवली होती. मागच्या चाकांना पाचर. बॅटरीची काळी वायर काढून कापडात गुंडाळलेली. इंजिनाला वरून आधार द्यायला बॉनेटच्या दोन्ही कडांवर गोणपाटाच्या घड्या, त्यावर आडवा वासा आणि वाशाला साखळी. मी नुसता बघत राहिलो. "काय बघतोस? ओणवा हो," म्हणाले.

आधी क्लच. फ्लायव्हील पॉलिश पेपरने घासून, कापडाने पुसून घेतलं. आता नवी प्लेट बरोबर मधोमध बसवायची, कारण तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट वरून आवळल्यावर ती हलत नाही, आणि एवढीशी जरी खाली सरकलेली राहिली तरी गिअरबॉक्सचा शाफ्ट तिच्या दात्यांत शिरत नाही. यासाठी आमच्याकडे जुन्या बॉक्सचा कापलेला शाफ्ट असतो. माझा पुरात गेला. अप्पा आत गेले आणि लाटणं घेऊन आले. टोकाला चिकटपट्टीचे वेढे देत, प्लेटच्या भोकात घालून बघत, पुन्हा एक वेढा काढत, असं दहा मिनिटं चाललं. काकू दारातून बघत होत्या. आमच्याकडे भाकरी थापायची असते, लाटणं सणावारीच लागतं, त्यामुळे त्यांनी फार आरडाओरडा केला नाही. "धुतल्याशिवाय आत आणू नका" एवढंच. लाटणं दात्यांत घट्ट बसलं, टोक फ्लायव्हीलच्या मधल्या भोकात टेकलं. मी प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे असे थोडे थोडे आवळत नेले आणि लाटणं सुरळीत बाहेर आलं.

आता खरं काम. बॉक्सचं वजन सिमेंटच्या अर्ध्या पोत्याएवढं असेल, पण पोतं पकडता येतं, हा पकडता येत नाही. वाशाला दुसरा दोर टाकून बारक्या वरून ओढणार, मी खाली पाठीवर झोपून छातीवरून वर ढकलणार, अप्पा बाजूने वाट दाखवणार. दोनदा शाफ्ट दात्यांवर नुसता टेकला. तिसऱ्यांदा बॉक्स गिअरमध्ये टाकून अप्पांनी एक्सलच्या, म्हणजे चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांच्या, दोन्ही भोकांतून आतला भाग किंचित फिरवला, आणि दाते दात्यांत गेले. बॉक्स सरसर पुढे सरकला आणि थांबला. इंजिन आणि बॉक्सच्या मध्ये जेमतेम काडी जाईल एवढी फट.

ही शेवटची फट ज्याने हे काम केलंय त्यालाच कळेल. हात थरथरत असतात, डोळ्यात माती पडलेली असते, आणि इतकं झालंय तर आता एवढंसंच राहिलंय असं वाटतं. मी हलवला, खांद्याने ढकलला, बारक्याला दोर ताणायला लावला. काही नाही. पाऊस सुरू झाला. पाठीखालून पाणी वाहायला लागलं. दुपारी तीनला मला मार्कंडीत दुसऱ्या गाडीकडे पोचायचं होतं. मी दोन लांब बोल्ट घातले, हाताने जातील तेवढे फिरवले आणि बारक्याकडे पाना मागितला.

पाना आलाच नाही. मान वळवून पाहिलं तर तो अप्पांच्या हातात.

"बोल्टाने ओढणार?"

"थोडंच राहिलंय अप्पा. दोन फेरे."

"बोल्ट धरायला असतो, ओढायला नसतो. बाहेर ये."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. मी वीस वर्षं हे काम करतोय. पण मला हेही ठाऊक होतं की ते काय म्हणताहेत. शिकाऊ असताना मी एकदा असाच बॉक्स बोल्टांनी ओढून घेतला होता आणि अॅल्युमिनियमच्या हाउसिंगचा, म्हणजे बॉक्सच्या कवचाचा, कान टिचकन तुटला होता. उस्तादाने माझ्या पगारातून भरून घेतला. आणि त्या दिवसांत तर तसा आवाज झाला असता तर दुसरं हाउसिंग आणायचं कुठून? 800 चे जुने गिअरबॉक्स भंगारवाल्यांकडून पुरानंतरच्या पंधरा दिवसांतच उचलले गेले होते.

अप्पांनी पडवीच्या कोपऱ्यातला खराटा ओढला, त्यातली एक लांब हीर काढली आणि गुडघ्यावर बसून फटीत घातली. वरून सुरुवात केली. वर हीर शिरेना. बाजूला अर्धवट गेली. खाली आणली तर सहज आत गेली. मग दुसरी हीर काढली, तीही पहिलीच्या जोडीने आत.

"वर एकपण जात नाही, खाली दोन जातात. प्लेट सरकली असती, तर चहूकडे सारखा अडला असता. हा तिरका अडलाय. खाली काहीतरी खातंय."

खाली काय असणार? डावल. इंजिन आणि बॉक्स एका रेषेत बसावेत म्हणून मध्ये दोन पोकळ नळ्या असतात, एक वर, एक खाली. बॉक्स उतरवताना खालची नळी बॉक्सबरोबर निघून आली होती आणि हाउसिंगमध्येच राहिली होती. ते मी पाहिलं होतं. तिच्या समोरचं इंजिनातलं भोक मात्र मी पाहिलं नव्हतं. आम्ही बॉक्स पुन्हा खाली घेतला, म्हणजे अर्ध्या तासाची सगळी कसरत उलटी. टॉर्च मारली. भोक नव्हतंच तिथे. गाळाने ते काठोकाठ भरून वाळून इतकं सपाट झालं होतं, जणू कुणी लांबी भरून पॉलिश केलीय.

आणि तो गाळ पुराने तिथे भरलेला नव्हता. पुरात त्या भोकात डावल होती. गेल्या रविवारी बॉक्स उतरवून झाल्यावर मीच पाइप लावून इंजिन धुतलं होतं. फ्लायव्हीलवर प्लास्टिकची पिशवी बांधली, तेवढी अक्कल होती. पण वरच्या कोनाड्यांत बसलेला गाळ धुऊन खाली आला आणि नेमका त्या उघड्या भोकात साठून आठवडाभर वाळत राहिला. अप्पा काही बोलले नाहीत. बारक्या बोलला, "तुम्हीच धुतलंत ना उस्ताद?"

त्याच हिरीने, थोडं रॉकेल सोडत, अप्पांनी तो गाळ कोरून काढला. बोट घालून तळ लागेपर्यंत. डावलीवर तेलाचं बोट फिरवलं. पुन्हा मी पाठीवर, पुन्हा दोर. या वेळी बॉक्स सरकला आणि "टक्‌" करून टेकला. बोल्ट नुसत्या हाताने शेवटपर्यंत फिरले. पान्याने फक्त आवळले.

पुढचं भराभर झालं. एक्सल ठोकून बसवले, सीलच्या ओठांना आधी ग्रीस लावून, नाहीतर सुकं सील पहिल्याच फेऱ्यात फाटतं. माउंटिंग, स्टार्टर, स्पीडोमीटरची केबल, गिअरच्या खालच्या सळ्या. 80डब्ल्यू-90 तेल बाजूच्या भोकातून ओघळायला लागेपर्यंत भरलं. क्लचच्या केबलला थोडा ढिलेपणा ठेवला. अप्पांना तो कमी वाटला, मला पुरेसा वाटला, शेवटी त्यांच्या मनाएवढा ठेवला.

गाडी ओंडक्यांवरून उतरवून सुरू केली तेव्हा काकू हातातलं काम टाकून बाहेर आल्या. अप्पा स्टिअरिंगवर. क्लच दाबला, दोन श्वास थांबले, रिव्हर्स आवाजाशिवाय पडला. मग आम्ही गुहागर रस्त्याला खाली फाट्यापर्यंत जाऊन आलो. अप्पा प्रत्येक गिअरला दोनदा क्लच मारत होते, जुन्या एसटीला लागायचा तसा. मी म्हटलं, या गाडीला त्याची गरज नाही. "तिला नसेल," म्हणाले आणि तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आले, दोनदा क्लच मारूनच.

मार्कंडीच्या माणसाला मी पाचला फोन करून उद्यावर ढकललं. काकूंनी घावणे आणि चहा दिला. अप्पांनी माझा बिलाचा कागद चष्मा लावून वाचला. मजुरी, क्लच, बेअरिंगं, सील, तेल, कराडचं भाडं, सगळ्यावर मान हलवली. मग खिशातलं पेन काढून "इंजिन धुलाई 300" या ओळीवर सरळ रेघ मारली, खाली नवी बेरीज केली आणि नोटा मोजून माझ्या हातात दिल्या. मी काही बोललो नाही. बारक्या मात्र स्कूटरवर मागे बसून खालपर्यंत हसत होता.